आलंच

दिग्रसहून निघालो तेव्हा पहाटेचे साडेचार.
मी आधी माणसं नाही, पिशव्या बसवल्या.
हाताशी लागेल ती पुढे, लागणार नाही ती मागे,
आणि नक्की लागणार होती ती कुठे
ते आर्णी गेल्यावर आठवलं. ओट्यावर.

जुनी ओम्नी. एसी म्हणजे दोन काचा.
उन्हाच्या बाजूला ओली ओढणी, काचेत अडकवून.
मामाजींच्या कमरेला गोधडीची गुंडाळी,
पायाखाली कुंदाताईंसाठी घेतलेला तुरीच्या डाळीचा डबा.
"मले काही होत नाही," ते दर दहा मैलांनी म्हणतात,
म्हणजे होतंय.
मग मी ह्यांना सांगते, मलाच उतरायचंय जरा,
आणि गाडी थांबते,
आणि मामाजी माझ्याआधी उतरतात.

वेदूला गाडी लागते.
त्याच्यासाठी संत्र्याची सालं, मुठीत चुरून नाकाशी.
एक पिशवी उघडी, एक घडी करून पर्समध्ये.
पांढरकवड्याला पहिली कामी आली.

"किती राह्यलं वं आई?"
"हे काय, आलंच."

खेळ प्रांजलनं काढला:
पांढरा बैल दिसला की एक गुण,
एका मोटारसायकलवर चौघं दिसले तर पाच,
झोपलेला माणूस दिसला,
खाटेवर, ट्रॉलीत, पुलाच्या कठड्यावर, कुठेही,
तर दहा.
वणीपर्यंत मामाजी शेहेचाळीसवर होते
आणि लबाडी करत होते.
"तो झोपला नव्हता आबा, पेपर वाचत होता!"
"डोये मिटून वाचत होता काय?"

घुग्घुसकडे कोळशाचे ट्रक लागले, काचा वर झाल्या.
आत पुऱ्यांचा, घामाचा, सालांचा वास.
कोणाचेच गुण वाढेनात,
तिथे धुळीनं बैलसुद्धा काळे.
तेव्हा मी लोणच्याची एकेक फोड दिली
आणि म्हटलं, कोय जास्त वेळ चोखेल तो जिंकला.
वीस मिनिटं गाडीत एक शब्द नाही.
ती वीस मिनिटं मी अजून जपून ठेवलीत.

आष्टीच्या पुलावर मामाजींना नदीत नाणं टाकायचं होतं.
काच खाली करेस्तोवर पूल संपला,
नाणं डांबरावर वाजलं.

"किती राह्यलं?"
"आलंच ना बापा."

आलापल्लीच्या पुढे रस्ता म्हणजे रस्त्याची आठवण.
दोन्हीकडून सागवान,
दिव्यात आलं की उभं, मागे गेलं की नव्हतंच.
एकेक मान कलली.
आता माझं शेवटचं काम, ह्यांना जागं ठेवायचं.
बोलण्यासारखं सगळं सकाळीच संपलेलं.
शाळेची फी झाली, बुडालेली भिशी झाली,
न्हाणीच्या भिंतीची ओल दोनदा झाली.
मग किलोमीटरचे दगड वाचून दाखवले.
ह्यांची मान एकदा हलली, स्टेअरिंगवरचा हात सैल पडला.
मग मी म्हटलं,
"तुमच्याआधी नेरचं एक स्थळ होतं.
ट्रॅक्टर होता त्यांच्याकडे."

ते सिरोंच्यापर्यंत पुरलं.

मागून प्रांजल, अर्ध्या झोपेत, हिशेब लावत:
"आबा दहा. वेदू दहा."
"अन् मी?"
"तू कुठं झोपली? तुले शून्य."

साडेनऊला क्वार्टरच्या दारात कुंदाताई,
ड्युटीवरून आल्या तशाच, पांढऱ्या कपड्यांत.
"लई त्रास झाला असंन नं, येवढ्या दूरचा?"
"छट्," मामाजी म्हणाले, "कळलंच नाही."
वेदू डोळे चोळत म्हणाला, "कळलंच नाही."

मी लगेच उतरले नाही.
वेदूचं डोकं जिथे होतं तिथून खाली
पाय माझा नव्हताच.
मुंग्या आल्या, मग सुया,
मी बसून राहिले पाय परत येईपर्यंत.

शेवटची पिशवी न्यायला हे आले.
डिकी उघडली, पिशवी उचलली, परत ठेवली.
"कोणत्या कंपनीचा होता?"